सरकारवर टीका करायचीय? मग आधी दार कुठलं ते बघा

कोल्हापूरात बिंदू चौकात नाहीतर रंकाळ्यावर चार टाळकी जमली की दहा मिनिटांत सरकार पडतंय आणि चहा संपला की परत उभं राहतंय. ते चालू दे, त्याला कुणाची ना नाही. पण समोरच्याला उत्तर द्यायलाच लागेल अशी टीका करायची तर थोडा होमवर्क लागतो. मी डावीकडं झुकणारा माणूस आहे, ते लपवत नाही, आणि हे लिहितोय ते मुख्यतः आपल्याच बाजूच्या पोरापोरींसाठी, कारण आपली मंडळी तळमळीनं बोलतात पण आकडा विचारला की "ते सगळ्यांना माहितीय" म्हणून विषय बदलतात.

तर पहिलं काम म्हंजे निर्णय नेमका कुणाचा ते शोधायचं. युद्ध, सैन्य, परराष्ट्र धोरण, आयात-निर्यात हे सगळं दिल्लीचं. दवाखाने आणि सार्वजनिक आरोग्य घटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्याच्या यादीत, म्हंजे मुंबईचं, पण पैसा दोन्हीकडनं येतो आणि घोळ इथंच होतो. आपलं सीपीआरच, म्हंजे कोल्हापूरचा मोठा सरकारी दवाखानाच घ्या की. ते राजर्षी शाहू सरकारी मेडिकल कॉलेजला जोडलेलं, म्हणून वैद्यकीय शिक्षण खात्याकडं. गावातलं प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडं. ग्रामीण रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाकडं. औषधखरेदीसाठी तर राज्यानं 2023 च्या कायद्यानं वेगळं प्राधिकरणच काढलंय. म्हंजे आरोग्य केंद्रात गोळ्या नाहीत म्हणून तुम्ही थेट पंतप्रधानांना शिव्या घातल्या की इथला साहेब गालातल्या गालात हसतोय, त्याची सुटका झाली ना.

दुसरं, आकडा सरकारचाच घ्यायचा. आपल्या बाजूच्या कुणी केलेलं पोस्टर नको. अर्थसंकल्पाच्या वेबसाइटवर 'बजेट ॲट अ ग्लान्स' म्हणून छोटी फाइल असते, तिथनं सुरुवात करा. 2025-26 चं केंद्राचं बजेट 50.65 लाख कोटींचं, त्यात संरक्षणाला 6.81 लाख कोटी आणि आरोग्य मंत्रालयाला साधारण 1 लाख कोटी. शंभरातले साडेतेरा रुपये एकीकडं आणि जेमतेम दोन रुपये दुसरीकडं. हे वाचून लगेच स्टेटस टाकायचा मोह होतोय, माहितीय मला, पण थांबा, कारण इथंच तुम्हाला कुणीतरी धरणार. एक तर आरोग्याचा मोठा खर्च राज्यं करतात, त्यामुळं नुसत्या केंद्राच्या आकड्यांची तुलना लंगडी पडते. दुसरं म्हंजे त्या 6.81 लाख कोटीत 1.60 लाख कोटी पेन्शनचे आहेत, आणि शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीत जाऊन ती पेन्शन फालतू खर्च आहे असं बोलून दाखवा बघू.

मग बोलायचं काय? सरकारनं स्वतः लिहून दिलेलं वचन काढायचं. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलंय की 2025 पर्यंत सरकारी आरोग्यखर्च जीडीपीच्या 2.5 टक्के करू, त्यात केंद्र-राज्य दोन्ही आले. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणं 2021-22 ला, म्हंजे कोविडच्या काळात खर्च वाढलेला असताना सुद्धा, तो होता 1.84 टक्के. आणि त्याच कागदात आहे की देशातल्या एकूण आरोग्यखर्चातले 39.4 टक्के लोक स्वतःच्या खिशातनं भरतात. समोरचा म्हणेल 2013-14 ला ते 64.2 टक्के होते, कमी झालं की! बरोबर आहे, मान्य करा, त्यात कमीपणा नाही. फक्त पुढं विचारा की आयुष्मान भारत आणि आपली महात्मा फुले जनआरोग्य योजना, दोन्हीत 5 लाखांचं कव्हर आहे ते ॲडमिट झाल्यावरचं, मग बीपी-शुगरच्या महिन्याच्या गोळ्यांचं काय? घर पोखरतंय ते या दर महिन्याच्या बिलानं, ऑपरेशन आयुष्यात एखादंच होतं.

तरतूद आणि खर्च हा फरक पण शिका. बजेटच्या कागदात तीन रकाने असतात, अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च. टीव्हीवर पहिलाच ओरडून सांगतात, तुम्ही तिसरा बघायचा.

आता व्यापार. हा विषय लोकांना कोरडा वाटतो, पण कोल्हापूरात तो थेट उसाच्या बिलात दिसतो. साखरेची किमान विक्री किंमत 2019 च्या फेब्रुवारीत किलोला 31 रुपये केली आणि 2025-26 चा हंगाम उजाडला तरी तीच. एफआरपी, म्हंजे कारखान्यानं शेतकऱ्याला उसापोटी द्यायचा किमान दर, मात्र तेवढ्यात टनाला 2750 वरनं 3550 वर गेली. वर 2022 च्या जूनपासून साखर निर्यातीवर निर्बंध, 2023 च्या 7 डिसेंबरला उसाच्या रसापासनं इथेनॉल करायला अचानक बंदी, आठवड्याभरात तीच थोडी सैल, मग पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये मोकळीक. कारखान्यांनी कर्ज काढून डिस्टिलऱ्या उभ्या केल्या त्या असल्या धरसोडीसाठी? हा प्रश्न केंद्राला विचारायचाच. पण पुरोगामी म्हणवून घेणाऱ्यानं इथंच थांबलं तर तो कारखानदाराचा वकील होतो. एफआरपी वाढली खरी, पण तिची बेस रिकव्हरी, म्हंजे उसातनं किती टक्के साखर निघाली की हा दर मिळणार तो उतारा, 9.5 वरनं 10 आणि मग 10.25 केली, म्हंजे एका हातानं दिलं त्यातलं थोडं दुसऱ्या हातानं काढलं, हे शेतकऱ्याच्या बाजूनं मांडा. निर्यात रोखून साखर स्वस्त ठेवली त्याचा फायदा घरातल्या चहाला किती आणि कोल्ड्रिंक कंपन्यांना किती, तेही विचारा. आणि बीडकडनं येणारा ऊसतोड मजूर या सगळ्या हिशोबात कुठंच नाही, तो तुम्ही आणायचा. नाहीतर कोण आणणार?

टॅरिफचंही तसंच. 2025 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेनं भारतीय मालावर आधी 25 आणि मग रशियन तेलाच्या नावाखाली आणखी 25 टक्के लावले, तेव्हा सगळे ट्रम्पवर तुटून पडले, ठीकच आहे. पण त्याच महिन्यात आपल्या सरकारनं कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क तात्पुरतं काढलं. इचलकरंजीकडच्या सूतगिरणीला बरं वाटलं असेल, विदर्भातल्या कापूसवाल्याला नाही. धोरणावर बोलताना फायदा कुणाला आणि तोटा कुणाला ही दोन नावं एकाच वाक्यात यायला पाहिजेत. तोटा सोसणाऱ्याला बदल्यात काय दिलं, हा झाला तुमचा प्रश्न.

युद्धाचा विषय सगळ्यात नाजूक. बॉर्डरवर तणाव असताना तोंड उघडलं की देशद्रोही, हे आपण बघितलंय. म्हणून जवान आणि निर्णय हे पहिल्या वाक्यातच वेगळे करा, आणि निर्णय मोजता येईल असा निवडा. उदाहरणार्थ अग्निपथ. 2022 ची योजना, चार वर्षांची नोकरी, त्यातले 25 टक्क्यांपर्यंत कायम, बाकीच्यांना साधारण 11.71 लाखांचा सेवानिधी, पेन्शन नाही. त्या सेवानिधीतला मुद्दलाचा अर्धा भाग त्या पोराच्याच पगारातनं कापलेला असतोय, हे सांगितलं की गडहिंग्लज-चंदगडकडच्या भरतीची तयारी करणाऱ्या पोरांचे कान टवकारतात. आर्मीच्या पहिल्या बॅचचं ट्रेनिंग 2023 च्या सुरुवातीला लागलं, तेव्हा चार वर्षं 2026 च्या शेवटाला भरतात. त्यांना नोकऱ्या कुठं, किती, हा प्रश्न विचारताना सैन्याचा अपमान होतोय असं कुणी म्हणूच शकत नाही.

परदेशातल्या युद्धांवर बोलायचं तर भारतानं मत काय दिलं ते बघा. गाझातल्या युद्धविरामासाठी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत 27 ऑक्टोबर 2023 ला आपण तटस्थ, 12 डिसेंबर 2023 ला बाजूनं, आणि 12 जून 2025 ला परत तटस्थ. दीड वर्षात काय बदललं? बस, एवढंच विचारायचं, भाषण नको.

विचारायचं कुठं? राज्याच्या किंवा स्थानिक ऑफिसला माहिती अधिकार. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप किंवा राज्याच्या पोर्टलवर ऑनलाइन. महाराष्ट्राच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि साधारण 150 शब्द, म्हणून निबंध लिहू नका. "औषधं का नाहीत" असलं विचारू नका, 'का'ला उत्तर देत नाहीत, आणि कायद्यानं द्यायलाही लागत नाही. "मागच्या आर्थिक वर्षात औषधखरेदीला मंजूर रक्कम, मिळालेली रक्कम, खर्च झालेली रक्कम" असं विचारा, नाहीतर मंजूर पदं किती आणि भरलेली किती. केंद्राच्या विषयासाठी खासदाराला प्रश्न लिहून द्या, पण आधी संसदेच्या वेबसाइटवर शोधा, निम्म्या वेळा उत्तर अगोदरच पडलेलं असतंय आणि तेच तुमचं हत्यार. गावात असाल तर ग्रामसभा आहेच, ठराव लेखी द्या आणि पोच घ्या.

शहरातल्या रस्त्यांवर टोल लावला त्या वेळी कोल्हापूरनं हेच केलं. एन. डी. पाटील, गोविंद पानसरे आणि सगळ्या पक्षांची माणसं रस्त्यावर होती, पण नुसत्या घोषणा नव्हत्या, रस्त्यांचं मूल्यांकन नव्यानं करा ही मागणी धरून बसले आणि शेवटी टोल गेलाच.

भीतीचं म्हणाल तर केदारनाथ सिंग खटल्यात 1962 लाच सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की सरकारवर कडक टीका हा राजद्रोह नाही, हिंसेला चिथावणी असेल तर गोष्ट वेगळी. तरी 2025 ला विधिमंडळानं जनसुरक्षा विधेयक मंजूर केलंय, ते एकदा स्वतः वाचा. चौकात सभा घ्यायची तर महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या 37 कलमाचा मनाई आदेश लागू आहे का ते आदल्या दिवशी विचारा, परवानगी लेखी घ्या. कुणाच्या घरच्यांवर, जातीवर, धर्मावर एक शब्द नाही. तसला मेसेज कुणी ग्रुपवर टाकला तर तिथंच थांबवा, नाहीतर दुसऱ्या दिवशी चर्चा त्याचीच होते आणि तुमचा 1.84 टक्के गेला उडत.

अर्जाला 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा गोलमाल आलं तर त्याच ऑफिसात पहिलं अपील, 20 रुपयांचा स्टँप, मुदत 30 दिवस. तिथंही टोलवलं तर 90 दिवसांत दुसरं अपील राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडं. तारखा वहीत लिहून ठेवा, मोबाइलवर विसंबू नका.