आरएसडीचा जिवाणू प्लेटवर वाढवायचा तर घाई नको

आरएसडी (रॅटून स्टंटिंग डिसीज) म्हणजे उसाचा खोडवा खुरटवणारा रोग. तो करणारा जिवाणू, लिफसोनिया झायली, कृत्रिम माध्यमावर वाढल्याची नोंद १९८० सालची, अमेरिकेतली. त्याआधी तो फक्त सूक्ष्मदर्शकाखाली दिसायचा.

माझ्या पहिल्या सहा प्लेटा (माध्यम ओतलेल्या झाकणाच्या बशा) तिसऱ्याच दिवशी बुरशीने पांढऱ्या झाल्या. कारण साधं: ऊस सकाळी आणला आणि कापला जेवणानंतर. आता आणल्या आणल्या कापते.

बुडख्याकडची पक्व पेरं घ्या. साल स्पिरिटने पुसा, ज्योतीवरून फिरवा, मग सोला. कोयता प्रत्येक उसाला निर्जंतुक हवाच. शेतातही हा रोग कोयत्यानेच पसरतो. गाभ्याचा तुकडा नळीत घालून सेंट्रिफ्यूजमध्ये (नळ्या वेगाने फिरवणाऱ्या यंत्रात) फिरवला की रस तळाशी उतरतो. त्यातला थेंब आधी फेज कॉन्ट्रास्ट सूक्ष्मदर्शकाखाली बघा. बारीक काड्या, म्हणजे हे जिवाणू, दिसल्या नाहीत तर माध्यम वाया घालवू नका.

माध्यम म्हणजे मक्याच्या पिठाचं अगार (जेलीसारखं गोठणारं), सोया पेप्टोन (सोयाबीनची पचवलेली प्रथिनं) आणि हेमिन (रक्तातला लोहयुक्त घटक). हेमिन साध्या पाण्यात विरघळत नाही, सौम्य कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात विरघळवा. सिस्टीन, ग्लुकोज आणि गाईच्या रक्तद्रवातलं अल्ब्युमिन ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या भांड्यात) घालायचं नाही. फिल्टरने गाळून, माध्यम कोमट झाल्यावर मिसळायचं.

प्लेटा पॅराफिल्मने (ताणून गुंडाळायच्या मेणकट पट्टीने) बंद करून २८ अंशांवर ठेवा, नाहीतर अगार सुकून तडकतं. दोन दिवसांत ठसठशीत वसाहत आली तर ती आपली नव्हेच. आपली दोन आठवड्यांनी येते, जेमतेम ०.१ ते ०.३ मिलिमीटरची. प्लेट दिव्यासमोर तिरकी धरा, भिंग लावा. दवासारखे कण दिसले की पीसीआरला (डीएनएवरून ओळख पटवणाऱ्या चाचणीला) पाठवा.