वस्तीत शिधा वाटायचाय? टेंपो सगळ्यात शेवटी बोलवा

विटाव्याच्या रेल्वेपुलाखाली पाणी तुंबलं की ठाणे-बेलापूर रस्ता अडतो, आणि तो अडला की कळव्यातल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तासाभरात मेसेज येतो, “काहीतरी करायला हवं.” त्याखाली दुसरा, “माझे पाच किलो तांदूळ.” मग तिसरा, “टेंपो माझ्याकडे लागला.” घोळ इथेच सुरू होतो. तांदूळ ठरला, टेंपो ठरला, आणि कोणाला काय हवंय हे मात्र कोणी विचारलंच नाही.

आम्हीही हेच केलं होतं. खाडीलगतच्या एका वस्तीच्या तोंडाशी टेंपो लावला, मागचं फळकं पाडलं आणि “या, या” म्हटलं. वीस मिनिटांत साठ पिशव्या संपल्या. दणकट पोरं पुढे, कडेवर लेकरू घेतलेल्या बाया मागे. एका घरात तीन पिशव्या गेल्या, शेजारच्या घरात एकही नाही. एक पिशवी फाटून तूरडाळ चिखलात सांडली, ती एक आजी ओंजळीने गोळा करत बसली होती. आणि ज्यांना पिशवी मिळाली, त्यातल्या एकीने पिठाचं पाकीट परत माझ्या हातात दिलं. “ताई, हे ठेवा तुमच्याकडंच. परात गेली, तवा गेला. मळू कशात आन् भाजू कशावर?”

त्यानंतर आम्ही क्रम उलटा केला.

पहिलं काम वहीचं

शंभर पानी वही घ्या आणि वस्तीत जा. सामान न घेता जा. सामान दिसलं की प्रत्येक घरात आठ माणसं होतात, त्यात लोकांची काही चूक नाही.

सोबत वस्तीतलंच कोणीतरी हवं. माझा अनुभव असा की अंगणवाडीच्या ताई आणि आशा ताई यांच्याइतकी खरी माहिती कोणाकडे नसते. कोणाची बाई आठव्या महिन्यात आहे, कोणाचा म्हातारा अंथरुणाला खिळलाय, हे त्यांना तोंडपाठ असतं. दुसरा माणूस कोपऱ्यावरचा किराणावाला. कोणाची उधारी थकलीय, ते त्याच्या वहीत असतं. कार्यकर्त्यांनी दिलेली यादीही घ्या, नाही म्हणू नका, पण ती अर्धी आहे असं समजूनच पुढे जा.

वहीत रकाने थोडेच ठेवा. घरातल्या बाईचं नाव, घराची खूण (“निळा पत्रा, नळाशेजारी”), माणसं किती, दोन वर्षांखालचं मूल आहे का, कोणी आजारी किंवा गरोदर आहे का, आणि चूल पेटतेय का. हा शेवटचा प्रश्न आम्हाला त्या तव्यावाल्या बाईने शिकवला. आधारकार्डाची झेरॉक्स मागू नका, मोबाईलमध्ये फोटोही काढू नका. पाच किलो तांदळासाठी कोणी आपली कागदपत्रं अनोळखी माणसाच्या हवाली का करावीत?

यादीतून कोण सुटतं ते आधीच धरून चाला. भाडेकरू सुटतात, कारण घरमालक स्वतःचं नाव सांगून मोकळा होतो. एका खोलीत दहा जण राहणारे नाक्यावरचे मजूर सुटतात, कारण दिवसा खोलीला कुलूप असतं. तृतीयपंथी सुटतात. पुलाखाली राहणारे तर कोणाच्याच वस्तीत मोजले जात नाहीत. म्हणून एक फेरी दिवसा मारली तर दुसरी रात्री आठनंतर मारा.

रेशनकार्ड आहे-नाही यावरून कोणाला गाळू नका, पण चौकशी जरूर करा. अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो धान्य मिळतं आणि अंत्योदय (सगळ्यात गरीब कुटुंबांच्या) कार्डावर घरटी ३५ किलो. बिहार, यूपीकडच्या किंवा मराठवाड्यातल्या मजुराचं कार्ड गावाकडचं असलं तरी ‘एक देश एक रेशनकार्ड’ योजनेत तो अंगठा लावून इथल्या दुकानातून धान्य उचलू शकतो. कित्येकांना हे ठाऊकच नसतं. त्यांना दुकानापर्यंत घेऊन जाणं आपल्या पिशवीपेक्षा जास्त दिवस पुरतं.

वही भरली की वॉर्डात कळवा. ठाण्यात प्रभाग समितीचं कार्यालय, नवी मुंबईत विभाग कार्यालय. तिथे एवढंच विचारायचं, “या वस्तीत अजून कोण वाटप करतंय?” एकाच गल्लीत एका रविवारी तीन मंडळं आणि पलीकडच्या गल्लीत कोणीच नाही, हे दर पावसाळ्यात घडतं. आपत्ती ताजी असेल तर जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा नंबर १०७७ आहे.

पैसे

नोंदणी नसलेल्या मंडळाने लोकांकडून वर्गणी गोळा करायची तर धर्मादाय कार्यालयाची कलम ४१ क खालची परवानगी लागते. गणपती मंडळं घेतात तीच. नोंदणी असलेल्या संस्थेच्या खात्यावर पैसे घेणं जास्त सोपं. कर सवलतीबद्दल कोणी विचारलं तर सवलतीची पावती वस्तूंवर मिळत नाही आणि रोख २,००० रुपयांच्या वर दिले तरी सवलत नाही, हे आधीच सांगून टाका. बिलं जपा आणि हिशोब सोसायटीच्या फलकावर लावा. लिफ्टशेजारी लावलात तर सगळे वाचतात.

पिशवीत काय, आणि ती किती दिवस पुरते

बाजारात ‘पंधरा दिवसांचं किट’ म्हणून जे मिळतं त्यात साधारण ५ किलो तांदूळ, ५ किलो आटा, २ किलो तूरडाळ, १ लिटर तेल, १ किलो साखर, मीठ, हळद, तिखट, चहा असतो. एकदा मी कागद-पेन घेऊन बसले. हे सगळं मिळून साधारण ५४ हजार कॅलरी भरतात. आपत्तीतल्या मदतीची जी ‘स्फिअर’ मानकं जगभर वापरतात, त्यात माणशी दिवसाला २,१०० कॅलरी धरतात. पाच माणसांचं कुटुंब म्हणजे दिवसाला साडेदहा हजार. भागाकार करा. पाच दिवस. पंधरा नाही, पाच.

तेव्हापासून आम्ही पिशवीवर दिवस लिहायचं बंद केलं. शंभर घरांत एकदा जाण्याऐवजी पन्नास घरांत दोनदा जायचं ठरवलं. ग्रुपवर यावरून भांडण झालं, दोघं बाहेर पडले, पण माझं मत बदललेलं नाही.

पाणी शिरलेल्या घरात पहिले दोन दिवस कोरडा शिधा नेऊच नका. गॅसची शेगडी गाळाने भरलेली असते. तेव्हा खिचडी, पोळी-भाजी, बिस्किटं, चिक्की, राजगिऱ्याचे लाडू आणि पाण्याचे जार. खिचडी गरम गरम न्या आणि शिजल्यापासून दोन-तीन तासांत संपवा. डबाबंद ठेवलेला भात पावसाळी हवेत आंबायला वेळ लागत नाही. नळाच्या पाण्यात गटार मिसळलं असेल तर क्लोरीनचे थेंब द्या, पण बाटलीवरचं प्रमाण घरातल्या बाईला स्वतः मोजून दाखवा. औषधाच्या गोळ्या वाटायच्या नाहीत. साचलेल्या पाण्यातून चालत आलेल्यांना लेप्टोच्या तापाची (लेप्टोस्पायरोसिसची) भीती असते, त्यांना पालिकेच्या आरोग्य केंद्रात पाठवा. गोळी डॉक्टर देतील.

मग शिधा. इथे वस्ती बघून पिशवी बदला. येऊरच्या पाड्यांवर आटा नेलात तर तो पडून राहील, तिथे तांदूळ जास्त हवा, आणि मूठभर सुकट दिलीत तर चेहरे खुलतात. दिघा, तुर्भ्याकडच्या खदानींवर सोलापूर, मराठवाड्याकडची माणसं असतील तर ज्वारीचं पीठ विचारा. उत्तरेकडच्या मजुरांच्या खोलीत आटा, बटाटे आणि मोहरीचं तेल. विचारलं की लोक सांगतात. “आम्हाला काहीही चालेल” हे पहिलं उत्तर असतं, दुसऱ्यांदा विचारल्यावर खरं उत्तर येतं.

बाळांच्या दुधाची पावडर आणि दुधाची बाटली अजिबात देऊ नका. १९९२ च्या कायद्याने त्या वाटायला मनाईच आहे, अपवाद अनाथालयाचा. कारणही साधं आहे. घाण पाण्यात कालवलेल्या पावडरीने बाळाला जुलाब होतात, आणि बाटली लागली की आईचं दूध आटतं. आईच्या पिशवीत शेंगदाणे, गूळ जास्त घाला, म्हणजे ते बाळापर्यंत पोचतं.

जुन्या कपड्यांबद्दल मी कठोर झालेय. २०१९ च्या सांगली-कोल्हापूरच्या महापुरात आमच्या हॉलमध्ये कपड्यांचा डोंगर झाला. त्यात एक शेरवानी निघाली, एका पायाची उंच टाचेची चप्पल निघाली, आणि बटणं काढून घेतलेले शर्ट निघाले. कोणीतरी बसून बटणं काढली होती! निवडायला चार माणसांचे दोन दिवस गेले. आता आम्ही फक्त नवं घेतो: आतले कपडे, परकर, टॉवेल, चादरी. सॅनिटरी पॅड काळ्या पिशवीत, निकरसोबत, आणि ते बायकांनीच द्यायचे. झाकणाची बादली द्या, तिच्यात बरंच सामानही मावतं.

खरेदी आणि भरणी

पन्नास पिशव्यांच्या वर काम असेल तर वाशीचा घाऊक धान्यबाजार, दाणाबंदर, परवडतो, त्याहून कमी असेल तर ठाण्यात जांभळी नाक्यावरच घ्या. हमाली आणि गाडीभाडं धरलं की थोड्या मालात वाशीची बचत उरत नाही. घाऊक व्यापाऱ्याला कशासाठी घेताय ते सांगा, बरेच जण भाव तरी सोडतात नाहीतर मिठाची गोणी वर टाकतात.

भरताना दोन गोष्टी. साबण आणि आटा एका पिशवीत घालू नका. पिठाला साबणाचा वास लागतो आणि चपातीला तो येतो, आम्ही स्वतः खाऊन बघितलीय. आणि तेलाची पिशवी तळाशी कधीच नको, वजनाने एक फुटली तर बाकीचं सगळं गेलं. साबण, पॅड, तेल वेगळ्या छोट्या पिशवीत.

भरलेली पिशवी साधारण १६ किलोची होते. छोटा हत्ती टेंपो पाऊण टनाच्या आसपास उचलतो, म्हणजे चाळीस-पंचेचाळीस पिशव्या. “सगळं एका खेपेत बसेल” असं ड्रायव्हरने सांगितलं तरी दुसरी खेप धरूनच वेळ ठरवा. सोळा किलो उचलून म्हातारं माणूस चार गल्ल्या चालू शकत नाही, त्यांच्या घरी पोरांना पाठवा.

कूपन, मग टेंपो

आदल्या संध्याकाळी वहीतल्या घरी जाऊन कूपन द्या. नंबर, शिक्का आणि वेळ. पुढच्या खेपेला कागदाचा रंग बदला, नाहीतर झेरॉक्स फिरतात. वेळ अर्ध्या तासाला पंधरा घरं अशी वाटून द्या, म्हणजे उन्हात रांग लागत नाही. आणि वार बघा. घोडबंदरच्या टॉवरांमध्ये धुणीभांडी करणाऱ्या बायका सकाळीच बाहेर पडतात. सकाळी अकराचं वाटप आपल्या सोयीचं असतं, त्यांच्या नाही. रविवारची दुपार बरी.

टेंपो वस्तीच्या तोंडाशी नको. शाळेचं आवार, समाजमंदिर, देवळाचा मंडप, जिथे आत यायची वाट वेगळी आणि बाहेर जायची वेगळी आहे तिथे सामान आधी उतरवून घ्या आणि टेंपो परत पाठवा. उघडी भरलेली गाडी दिसली की गर्दी होतेच. मग एका टेबलावर वही आणि कूपन, दुसऱ्यावर पिशवी. सही किंवा अंगठा. दहा-बारा पिशव्या बाजूला ठेवा, कारण यादीत नसलेलं कोणीतरी येणारच, आणि ते बहुतेक वेळा खरं असतं.

फोटोवरून वाद होईल. देणगीदाराला पुरावा हवा असतो, ते समजू शकतं. पिशव्यांच्या थप्पीचा फोटो काढा, वहीच्या सह्यांचा काढा. पिशवी घेणाऱ्या हाताचा आणि चेहऱ्याचा नको. पाहुण्यांना बोलावून हार घालायचे असतील तर ते सोसायटीच्या हॉलमध्ये, वाटप झाल्यावर.

पाणी शिरलेल्या घरांना त्याच दिवशी एक गोष्ट सांगा. घर धुऊन काढायच्या आधी भिंतीवरची पाण्याची रेघ आणि भिजलेलं सामान मोबाईलवर टिपून ठेवा. तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी) पंचनाम्याला येतात तेव्हा घर स्वच्छ झालेलं असतं, आणि सरकारी मदत त्या पंचनाम्यावरच मिळते.

आठ दिवसांनी रिकाम्या हाताने

ही फेरी बहुतेक जण मारत नाहीत. वही घेऊन दहा घरं फिरा आणि दोनच प्रश्न विचारा: काय आधी संपलं, काय पडून आहे? विकलं असेल तरी रागावू नका. तीन पाकिटं मीठ देऊन कोणी औषध आणलं असेल, तर आपण मीठ जास्त दिलं होतं एवढाच त्याचा अर्थ.

आमच्या पहिल्या नीट वाटपानंतर मी त्या तव्यावाल्या मावशींकडे गेले. या खेपेला त्यांना तवा, परात आणि पीठ असं सगळं दिलं होतं. पिशवीतलं काय कमी पडलं, विचारलं. त्या जरा लाजल्या. “चहापत्ती, ताई. पाणी शिरल्यापासून कोण ना कोण भेटायला येतंय, आन् आल्यागेल्याला चहा तर करावाच लागतो ना. तिसऱ्या दिवशीच संपली.” माझ्यासमोरही कप ठेवलेला होता, शेजारून पत्ती मागून केलेला. आमच्या पिशवीत तेव्हा पाव किलो पत्ती असायची. आता अर्धा किलो असते, आणि साखर दोन किलो.