सायकल भिंतीला टेकवलेल्या दिवशी ओहोटीला कसं जावं

गुडघ्याच्या डॉक्टरांनी सहा आठवडे सायकल बंद सांगितली, तेव्हा पहिले चार दिवस मी रोज पहाटे साडेपाचला उठून अंगणात नुसती उभी राहायचे. सवय पायांना असते तशी वेळेलाही असते. त्या वेळी गुहागरहून निघून वेळणेश्वरचा चढ गाठायचा, हे अंगात इतकं भिनलेलं की दुसरं काही सुचत नव्हतं. पाचव्या दिवशी शेजारच्या काकी पाटी आणि कोयती घेऊन निघाल्या होत्या. मला बघून थांबल्या.

"काय गो, आज सायकल नाय?"

"गुडघा दुखतोय. चालायला चालतं म्हणालेत."

"चल मग. पाणी सुकलंय."

काकी कालवं, म्हणजे खडकाला चिकटलेले शिंपले, काढायला जातात. मी त्यांच्या मागून गेले आणि उजाडेपर्यंत खडकातल्या एका खळग्यापाशी बसून राहिले. ज्या किनाऱ्यावरून मी शेकडो वेळा सायकलने गेले होते, त्याचा हा भाग मला कधी दिसलाच नव्हता, कारण मी जायचे तेव्हा बहुतेक वेळा त्यावर पाणी असायचं. गुडघा बरा झाला, सायकल सुरू झाली, पण महिन्यातले चार-पाच दिवस मी ओहोटीला दिले ते दिलेच. सायकल चालवणाऱ्या कोणालाही हे जमेल. कसं, ते सांगते.

आधी एक मुद्दा. आमच्या सायकलवाल्यांतला एकजण रविवारी चाकाच्या हबचे छर्रे काढून ग्रीस भरत बसतो. दुसरा सड्यांवरची, म्हणजे कोकणातल्या कातळाच्या पठारांवरची, कातळशिल्पं बघत फिरतो. कशेळीच्या सड्यावरचा तो भलामोठा हत्ती त्याने किती वेळा पाहिला असेल कोण जाणे. हे छंद चांगलेच आहेत. पण जे कधीही करता येतं ते सायकलपुढे टिकत नाही. आकाश निरभ्र असलं, वारा पडलेला असला की विश्रांतीचा दिवस मोडतोच. ओहोटीची वेळ मात्र आपल्या हातात नाही. ती आज सहाला असेल तर सहालाच, आणि उद्या साधारण पन्नास मिनिटं उशिरा. हातून गेली की गेली. विश्रांतीचा दिवस पाळायला असंच काहीतरी लागतं. जे गरवायला, म्हणजे गळाने मासे पकडायला, जातात त्यांना हे माहीत असतं, बाकीच्यांसाठी लिहितेय.

वेळ काढायची कशी? मोबाइलवर भरती-ओहोटीची कोष्टकं मिळतात, ती जरूर बघा. पण काकींचा हिशोब आधी शिका, कारण तो भिंतीवरच्या कालनिर्णयावरून होतो. तिथीची पाऊणपट करायची, म्हणजे भरतीची वेळ मिळते. षष्ठी असेल तर सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे पहाटे साडेचार आणि दुपारी पाचच्या आसपास भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमा आणि अमावास्या दोन्ही पंधरा धरायच्या, म्हणजे सव्वाअकरा. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. हिशोब अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून नेमकी मिनिटं कोष्टकातून घ्या. दोन्ही जुळवून बघायची सवय लागली की महिनाभरात समुद्राचं घड्याळ डोक्यात बसतं.

आता यातली खरी सोय बघा. पौर्णिमा-अमावास्येला चंद्र आणि सूर्याची ओढ एका रेषेत येते आणि उधाण येतं. त्या दिवसांत भरती जशी मोठी असते तशी ओहोटीही खोल जाते. पौर्णिमेला भरती सव्वाअकराची, म्हणजे ओहोटी साडेपाचच्या सुमाराची, पहाटेही आणि संध्याकाळीही. म्हणजे आपल्या किनाऱ्यावर मोठी ओहोटी नेहमी सायकलच्याच वेळेला येते, ऑफिसच्या आधी नाहीतर नंतर. अष्टमीच्या आसपास भांग असतो. तेव्हा पाणी धड चढतही नाही, उतरतही नाही, आणि ओहोटी भर दुपारी बाराला. ते दिवस सायकलचे. चतुर्दशीपासून पुढच्या तृतीयेपर्यंतचे खडकाचे. उधाणाचा जोर पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी सगळ्यात जास्त असतो, म्हणून द्वितीयेची सकाळ चुकवू नका. दिवसातल्या दोन ओहोट्याही सारख्या नसतात, एक दुसरीपेक्षा खोल जाते. कोष्टकात वेळेशेजारी उंचीचा आकडा असतो. जो लहान, ती आपली.

पोचायचं कधी, हे ओहोटीच्या वेळेइतकंच महत्त्वाचं. ओहोटी साडेपाचची असेल तर चारला खडकावर हजर राहा. पाणी उतरत जाईल तसतसं त्याच्या मागे खाली जायचं, आणि साडेपाच वाजले की तोंड जमिनीकडे करून परत फिरायचं. एवढं कडक का, ते मी एका फाल्गुनी अमावास्येला शिकले. ओहोटी होऊन तास झाला होता, पाणी जागचं हललेलं दिसत नव्हतं, म्हणून मी आणखी बसले. पाणी सहा तासांत चढतं, पण सारख्या चालीने नाही. एकूण चढ बारा भागांचा धरला तर पहिल्या तासात एकच भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. पहिला तास अगदी शांत जातो आणि त्यातच माणूस फसतो. शिवाय पाणी समोरून येईल असं आपण धरून चालतो. ते माझ्या मागच्या घळीतून आलं. येताना जी घळ मी कोरड्या पायांनी ओलांडली होती, तिथे कमरेइतकं पाणी होतं. बाहेर पडले, पण कालवांनी दोन्ही नडग्या सोलल्या. पंधरा दिवस पँट घालताना त्रास झाला. तेव्हापासून खडकावर गेल्या गेल्या मी समुद्राकडे बघत नाही. आधी मागे बघते, परतीची वाट कुठल्या घळीतून आहे आणि ती घळ किती खोल आहे ते पाहते. एकट्याने पहिल्यांदा जाऊ नका. गावातलं कोणीतरी बरोबर घ्या.

हेदवीची बामणघळ ज्यांनी भरतीला पाहिली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. खडकातली ती चिंचोळी फट, लाट आत घुसली की पाणी उंच उसळतं. तिथल्या खडकावर जायचं ते समुद्र शांत असताना आणि ओहोटीलाच, आणि तेव्हाही कडेपासून लांब. कुठेही गेलात तरी आधी दहा मिनिटं उभं राहून लाटा बघा. दहा लाटांत एखादी मोठी येते, ती कुठवर पोचते ते लक्षात घ्या आणि त्याच्या वरच थांबा.

सामान बरंचसं सायकलवाल्याकडे असतंच. बोटं पूर्ण झाकणारे जुने हातमोजे हवेत, कारण तोल गेला की हात टेकतो तो कालवांच्या धारेवर. सायकलचे बूट मात्र नकोत. कडक तळ ओल्या कातळावर धरत नाही. कोळणी वापरतात तसे प्लॅस्टिकचे बंद सँडल बाजारात मिळतात, ते घ्या. हिरवं दिसेल तिथे पाय टाकू नका, शेवाळ असतं. काळा खरखरीत कातळ धरून चाला. पहाटे जायचं असेल तर डोक्याला लावायचा दिवा घ्या, आणि सायकलचा मागचा लाल दिवा खिशात टाका. लाल उजेडाला कुर्ल्या, म्हणजे खेकडे, तेवढ्या बुजत नाहीत, असा माझा अनुभव आहे. सायकलने जाणार असाल तर ती वाळूत नेऊ नका, रस्त्याकडेला लावा, आणि घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुऊन, पुसून, चेनला तेल द्या.

आता बघायचं काय आणि कसं. सायकलवाल्याची पहिली चूक ठरलेली असते. तो खडकावरही अंतर कापायला लागतो. मीही पहिल्या आठवड्यात किनाऱ्याचा अर्धा किलोमीटर पालथा घातला आणि धड काहीच पाहिलं नाही. एक खळगा निवडा. परातीएवढा पुरे. सूर्याकडे तोंड करून बसा, म्हणजे तुमची सावली पाण्यावर पडणार नाही. आणि हलू नका. पहिली दोन मिनिटं खळगा रिकामा वाटतो. मग एखादा शंख चालायला लागतो, आणि शंखाला एवढा वेग नसतो हे तुमच्या लक्षात येतं. तो आत राहणारा खेकडा. त्याचं मागचं अंग मऊ असतं, म्हणून तो रिकामा शंख शोधून पाठीवर वागवतो आणि वाढला की मोठा शंख बघतो. मग कडेला बोटभर मासे दिसतात, जे इतका वेळ दगडच वाटत होते. चार-पाच मिनिटांनी समुद्रफुलं, म्हणजे खडकाला चिकटलेले फुलासारखे प्राणी, आपल्या सोंडा पसरतात. कान दिलात तर टिकटिक आवाज येईल, बोटं मोडल्यासारखा. ती एक लहान कोळंबी असते, मोठा नांगा फटकन मिटून भक्ष्याला बधिर करणारी. खडकावर बसलेलं असताना चारी बाजूंनी तो आवाज येतो, आणि मला तो फार आवडतो.

खडक वरून खाली वाचायला शिका. सगळ्यात वर, जिथे फक्त उधाणाचं पाणी पोचतं, तिथे ज्वारीच्या दाण्याएवढ्या गोगलगायी भेगांत दाटून बसलेल्या असतात. त्याखाली पांढरे, खरखरीत, ज्वालामुखीच्या तोंडासारखे बार्नकल. ते शिंपल्यांचे नव्हेत, कुर्ल्या-कोळंबीचे नातलग आहेत. डोकं खडकाला चिकटवून उलटे राहतात आणि पाणी आलं की पिसासारखे पाय बाहेर काढून अन्न ओढतात. भरलेल्या खळग्यात हे नीट दिसतं. त्याखाली कालवांचा पट्टा, काकींचं राज्य. आणि सगळ्यात खाली, जो भाग उधाणाच्या ओहोटीलाच उघडा पडतो, तिथे खरी गर्दी असते. हिरवे-तपकिरी गालिचे असतात ते खरं म्हणजे प्राणी, समुद्रफुलांचेच भाऊबंद. समुद्रकाकडी असते, सापासारखे हात वळवणारे तारामासे असतात. सगळ्यात खोल ओहोटीचे दिवस धरा म्हणते ते यासाठी.

थंडीत मान वर करायलाही विसरू नका. काळा-पांढरा, लांब केशरी चोचीचा कालवफोड्या पाहुणा म्हणून येतो आणि नावाप्रमाणे शिंपले उघडतो. राखाडी समुद्री बगळा तर माझ्यासारखाच एका खळग्यावर तासभर थांबतो.

हात लावण्याबद्दल माझं मत ठाम आहे. लावू नका. शंकूच्या आकाराचा, सुंदर नक्षीचा शंख तर मुळीच उचलू नका. कोनस नावाच्या विषारी जातीचा असेल तर दंश करतो. दगड उलटा केलात तर तसाच परत ठेवा, कारण खालच्या बाजूचे जीव उन्हात तासाभरात मरतात. प्रवाळ, समुद्रकाकडी आणि काही जातींचे शंख 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, ते घरी आणणं गुन्हा आहे. रिकामा शंखही मी आणत नाही. तो कुणाचं तरी पुढचं घर आहे. काकी कालवं काढतात ती खाण्यासाठी, आणि दर वेळी जागा बदलून. तो त्यांचा पिढ्यांचा हिशोब आहे. त्यांच्या पट्ट्यात आपण लुडबुडू नये आणि त्यांच्या पाटीचा फोटो न विचारता काढू नये.

वहीचं काम सायकलवाल्याला सांगावं लागत नाही, किलोमीटर लिहायची सवय असतेच. मी तारीख, तिथी, ओहोटीची वेळ, वारा आणि खळग्याचा क्रमांक लिहिते. माझे तीन खळगे ठरलेले आहेत. प्रत्येकाचा नकाशा पहिल्या पानावर काढलाय आणि दर वेळी त्याच तिघांकडे जाते. नवीन काही दिसलं तर आधी चित्र काढते, मग फोटो. चित्र काढताना पाय किती, पट्टे कुठे, हे बघावंच लागतं. नाव कळत नसेल तर फोटो आयनॅचरलिस्टवर टाकते, तिथे जाणकार ओळख सुचवतात. नाव कळेपर्यंत आपलं नाव द्यायला हरकत नाही. माझ्या वहीत "दोन नंबरचा आळशी" म्हणून एक मासा दीड वर्ष आहे.

याचा सायकलला फायदा झाला तो असा. तवसाळहून जयगडला किंवा धोपाव्याहून दाभोळला फेरीबोटीची वाट बघत थांबलं की पूर्वी चुळबुळ व्हायची. आता खाडीच्या कडेला चिखलात निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, उड्या मारताना दिसल्या की पाणी कोणत्या घटकेला आहे ते कळतं, आणि बोट सुटली तरी चालते.

पावसाळ्यात हे सगळं बंद ठेवा. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारीलाही बंदी असते, आणि पुढेही बरेच दिवस समुद्र खवळलेला असतो. त्या महिन्यांत मी वहीतली चित्रं रंगवते आणि सड्यावरची फुलं बघायला जाते. नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण झाला तरी मी खडकावर उतरत नाही. कोजागरीपर्यंत थांबते. कोजागरीच्या दुसऱ्या सकाळी, ओहोटीच्या दीड तास आधी, पहिली फेरी. गेल्या वर्षी एक नंबरचा खळगा वाळूने पार भरून गेला होता. काकी म्हणाल्या, "माघापर्यंत मोकळा होईल." मी वहीत त्या पानावर तारीख घातली आणि खाली जागा सोडून ठेवली.