पत्र्याचा दर पाडण्याआधी शीटमध्ये नग मोजा

पुण्याजवळच्या भोसरीतल्या आमच्या शॉपमध्ये बॅकहो लोडरची कव्हरं, ब्रॅकेटं, टाक्यांच्या बाजू कापल्या जातात. नेस्टिंग, म्हणजे एका शीटवर पार्ट कसे मांडून कापायचे ते ठरवणं, माझ्याकडे असतं. पार्ट महाग पडला की सगळे पत्र्याच्या दरावर घासाघीस करतात. मी म्हणतो, आधी ब्लँकचं, म्हणजे वाकवण्याआधीच्या सपाट कापलेल्या तुकड्याचं, माप बघा.

समजा ५ मिमी स्टीलचा पत्रा आहे, शीट २५०० × १२५० मिमी. जाडीला ७.८५ ने गुणलं की चौरस मीटरचे किलो मिळतात, त्या हिशोबाने ही शीट साधारण १२२.७ किलोची. ब्लँक ६४० × ४९०. उभे-आडवे कसेही मांडा, आठच बसतात, म्हणजे नगामागे १५.३ किलो. तेच ६४० चं ६१५ केलं तर रुंदीत दोन, लांबीत पाच, असे दहा निघतात. नगामागे १२.३ किलो! दोन्ही टोकांच्या फ्लँजमधून (वाकवलेल्या कडेतून) प्रत्येकी साडेबारा मिमी काढायचे. फ्लँजवर भोकं किंवा वेल्ड असेल तर डिझायनरला विचारल्याशिवाय हात लावू नका. रुंदीत एकूण २० मिमीच मोकळे राहतात, म्हणून हे काम बारीक काप घेणाऱ्या लेझरवरच लावा.

या मांडणीत बेंडची रेघ शीटच्या लांबीला, म्हणजे रोलिंगच्या दिशेला समांतर येते आणि बाहेरच्या बाजूने तडा जायची भीती असते. आतली त्रिज्या जाडीच्या दीडपट धरा, डेव्हलपमेंट (वाकवण्याआधीचं सपाट माप) पुन्हा काढा आणि पूर्ण लॉट कापण्याआधी दोन नग वाकवून बघा.

जाडी कमी करण्याचा मोह सगळ्यांना होतो. पण सपाट पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनाने बदलतो: ५ चा ४ केला की जवळपास निम्मा उरतो. कव्हरला कडेने घडी किंवा मधे बीड (दाबून काढलेली उंच रेघ) देऊन तो भरून काढता येतो. बूम, चॅसी असल्या भार घेणाऱ्या पार्टला हा प्रयोग अजिबात नको.

पार्टमध्ये कापलेल्या मोठ्या खिडक्यांच्या (भोकांच्या) आतला पत्रा भंगारात टाकू नका. त्याच ग्रेडचे, त्याच जाडीचे गसेट (कोपऱ्याला आधार देणारे तुकडे) आणि वॉशर तिथेच नेस्ट करा. उरलेल्या तुकड्यावर मशीनवरून उतरवतानाच पेंटने जाडी, ग्रेड, हीट नंबर (स्टीलच्या ओतीचा क्रमांक) आणि रोलिंगच्या दिशेचा बाण लिहा. ई२५० आणि ई३५० हे स्टीलचे दोन ग्रेड नुसत्या डोळ्यांना सारखेच दिसतात, म्हणून खूण नसलेला तुकडा भार घेणाऱ्या पार्टला वापरायचा नाही.