सीडीवरचं जुनं सेशन लिनक्सवर दिसेना: असं जमलं

दोन सेशनच्या (म्हणजे दोन वेगवेगळ्या वेळी लिहिलेल्या) सीडीवर फक्त नंतर लिहिलेले फोटो दिसत होते, आधीचं सगळं गायब. डिस्क फडक्यानं पुसली, ड्राइव्ह बदलला, फरक शून्य. दोन रात्री जीव मेटाकुटीला आला.

लिनक्स शेवटचं सेशन माउंट करतं, म्हणजे वाचायला जोडतं. ते सेशन लिहिताना आधीच्या फायलींची यादी आयात केली नसेल, तर त्या डिस्कवर असूनही दिसत नाहीत.

आधी डिस्क अनमाउंट केली. मग वोडिम (wodim, सीडी लिहिण्याचा प्रोग्राम) -टीओसी (-toc) चालवून प्रत्येक ट्रॅकचा एलबीए, म्हणजे तो सुरू होतो त्या सेक्टरचा क्रमांक, पाहिला, पहिल्याचा ०. मग रूट (सर्वाधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून माउंट (mount) कमांड चालवताना प्रकार आयएसओ९६६० (iso9660, सीडीची फाइलप्रणाली) आणि -ओ पुढे आरओ,एसबीसेक्टर=० (-o ro,sbsector=0: फक्त वाचायचं, सेशनची सुरुवात सेक्टर ० पासून) दिलं. सगळे जुने फोल्डर समोर! दोनहून जास्त सेशन असतील आणि मधलं हवं असेल तर ० च्या जागी त्याच्या ट्रॅकचा एलबीए द्या.