रात्रपाळीत रुग्णाची स्थिती ओळखताना होणाऱ्या या चुका टाळा

कोकणातील ग्रामीण रुग्णालयात पावसाळ्यातील रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकेच्या मदतीला बहुधा एकच वैद्यकीय अधिकारी असतो, आणि जिल्हा रुग्णालय वळणावळणांच्या रस्त्याने दीड-दोन तासांवर असते. रुग्ण बिघडू लागला आहे हे वेळेत ओळखण्याची जबाबदारी त्यामुळे तिच्यावरच येते. पुढील चुका सहसा अज्ञानातून होत नाहीत. पटण्याजोगे पहिले उत्तर मिळाले की आपण रुग्णाकडे पाहणे थांबवतो, तेव्हा त्या होतात.

सर्वांत रुळलेली चूक म्हणजे श्वसनगती न मोजता लिहिणे. कोणताही तक्ता उघडावा, वॉर्डातील सारे रुग्ण मिनिटाला नेमके २० वेळा श्वास घेत असतात! नोकरीच्या पहिल्या वर्षी हा आकडा मीही लिहिला होता. भातलावणीचे दिवस होते. ताप आणि पोटऱ्यांचे दुखणे घेऊन आलेला चाळिशीतील एक शेतकरी पॅरासिटामॉलनंतर घामाघूम होऊन शांत पडला होता. रक्तदाब ११०/७० होता, ऑक्सिजनचे प्रमाण ९५ टक्के होते, आणि ‘आता बरां वाटता’ असे तो स्वतःच सांगत होता. पहाटे इन्चार्ज सिस्टर त्याच्या खाटेशी आल्या, नाडी धरल्यासारखे करून पूर्ण एक मिनिट त्याच्या पोटाकडे पाहत राहिल्या आणि मला म्हणाल्या, ‘ताप उतरलो, मग धाप कित्याक लागता?’ श्वास ३२ होता. संध्याकाळपासूनची लघवी मोजली, ती जेमतेम वाटीभर भरली. चिखलात काम करणाऱ्यांना होणारा लेप्टोस्पायरोसिस मूत्रपिंडांबरोबर फुप्फुसांनाही गाठू शकतो, त्यात फुप्फुसांत रक्तस्राव होतो, हे मी परीक्षेत लिहिले होते. खाटेशी मात्र ते मला आठवले नव्हते.

प्रौढ माणसाचा श्वास विश्रांतीत साधारण १२ ते २० असतो. तो १८ वरून २४ वर गेला, तर ऑक्सिजनचा आकडा चांगला असला तरीही कळवावे, कारण शरीर अधिक कष्ट करून तो आकडा सांभाळत असते. तापाचे औषध दिल्यानंतर तापमान उतरूनही नाडी आणि श्वास चढेच राहिले, तर औषधाने आजार नव्हे, केवळ ताप झाकला आहे असे समजावे. ऑक्सिजन चालू असेल, तर आकड्याशेजारी किती लिटर चालू आहे तेही लिहावे. ६० किलो वजनाच्या रुग्णाची लघवी तासाला ३० मिलिलिटरच्या खाली राहिली, तर सकाळच्या राउंडपर्यंत थांबू नये.

दुसरी चूक सर्पदंशात होते: जखम दिसत नाही म्हणून दंश झालाच नाही असे मानणे. मण्यार, जिला आपल्याकडे कांडर म्हणतात, ती बहुधा रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि दंशाच्या जागी सूज किंवा वेदना जवळजवळ नसते. तिचा दंश झालेला, पहाटे पोटात कळ येऊन उठलेला रुग्ण ‘गॅस’ म्हणून इंजेक्शन घेऊन बाकावर बसलेला असतो. अशा रुग्णाला वर पाहायला सांगून पापण्या जड झाल्या आहेत का ते पाहावे, थुंकी गिळता येते का ते विचारावे आणि रात्री कुठे झोपला होता हेही विचारावे. फुरसे किंवा घोणस यांच्या विषाने रक्त गोठेनासे होते; त्यांचा संशय असेल, तर रक्त गोठण्याची २० मिनिटांची चाचणी कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीतच करावी. प्लास्टिकची नळी, साबणाचा अंश राहिलेली नळी किंवा दर दोन मिनिटांनी हलवून पाहण्याची उत्सुकता, यांपैकी काहीही निष्कर्ष बिघडवू शकते. पहिल्या वेळी रक्त गोठले, तरी चाचणी पुन्हा करावी लागते.

विंचवाच्या बाबतीत आपली दिशाभूल वेदना करते. जोरात रडणाऱ्या मुलाकडे सगळे धावतात. घामाने भिजलेले, हातपाय गार पडलेले, उलट्या करणारे मूल मात्र गप्प असते, आणि धोका त्यालाच अधिक असतो. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन ही रक्तदाब उतरवणारी गोळी वापरण्याची पद्धत महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांच्या कामातून रूढ झाली. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. गोळी देणे सोपे असते, त्यानंतर मुलाला आडवे ठेवणे कठीण जाते. पहिल्या मात्रेनंतर रक्तदाब एकदम उतरू शकतो, आणि नेमके तेव्हाच आजी त्याला उचलून खांद्यावर घेते. म्हणून का उचलायचे नाही हे तिला गोळी देण्यापूर्वीच समजावून सांगावे आणि रक्तदाब दर अर्ध्या तासाने मोजावा.

शेवटची चूक फोनवर होते. ‘सर, पेशंट बरा वाटत नाही’ एवढ्यावर झोपेतला माणूस ‘सलाईन चालू ठेवा’ असेच म्हणणार. खाट, वय, आजार, दोन तासांपूर्वीचा आकडा, आताचा आकडा आणि आपल्याला काय हवे आहे, हे त्याच क्रमाने सांगावे: ‘श्वास २० वरून ३२ झाला आहे, लघवी कमी आहे, आपण येऊन पाहावे आणि १०८ ला कळवू का ते सांगावे.’ मिळालेली सूचना, विशेषतः औषधाची मात्रा, फोनवरच परत वाचून दाखवावी आणि केसपेपरवर वेळेसह नोंदवावी. डॉक्टरांनी फोन उचलला नाही, तर तीही नोंद करावी आणि पुढचा फोन कोणाला लावायचा हे पाळी सुरू होतानाच विचारून ठेवावे, कारण वादळी रात्री रेंज सर्वांत आधी जाते.