तलावात, जंगलात काही सोडण्याआधी या चुका टाळा

घरातला मासा तलावात सोडला की एक जीव वाचवला असं वाटतं. पण तो जगला आणि जवळच्या रानटी नातेवाइकाशी त्याची वीण झाली, तर परक्या वाणाची जनुकं रानटी वंशात शिरतात. हेच जनुकीय प्रदूषण, आणि ते नंतर उपसून काढता येत नाही.

पुण्य म्हणून मासे सोडणं

‘थाई मांगूर’ म्हणून विकला जातो तो मुळात आफ्रिकन मासा. भारतात त्याच्या पैदाशीवर २००० सालापासून बंदी आहे, तरी चोरून होतेच. तो लहान मासे फस्त करतो हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं; आपल्या देशी मागुराशी त्याचा संकर होऊ शकतो, हे फार थोड्यांना. थायलंडमध्ये असे संकरित मासे तळ्यांतून निसटले आणि तिथल्या रानटी मागुरात आफ्रिकन जनुकं सापडली. ओळखायला डोक्यामागचं हाड बघतात: देशी माशात ते ‘व्ही’सारखं निमुळतं, आफ्रिकन माशात ‘एम’सारखं. संकराचं मधलंच काहीतरी. पुढच्या पिढ्यांत तर नुसत्या नजरेने सांगणं कठीण. म्हणून मुंबईतला पवई तलाव असो की विहार, कुठलाच मासा सोडू नका.

‘देशीच आहे ना’ म्हणून कुठलंही बी टाकणं

पावसाळा आला की मुंबईत आरेत, नॅशनल पार्कच्या कडेला सीडबॉल, म्हणजे आत बी घातलेले मातीचे गोळे, फेकले जातात. हेतू चांगलाच असतो. गुलमोहर, सुबाभूळ नको हेही आता अनेकांना पटलंय. पण विदर्भातला पळस आणि बोरिवलीतला पळस एकच नव्हे. इथली झाडं चार महिने धो-धो पाऊस आणि आठ महिने कोरड सोसत पिढ्यानपिढ्या घडली आहेत. लांबून आणलेल्या झाडांचा पराग त्यांच्या फुलांवर पडला, तर पुढची पिढी ना इथली ना तिथली निपजू शकते. बी त्याच डोंगरातलं घ्या, वनविभागाला विचारून, आणि एकमेकांपासून लांबच्या बऱ्याच झाडांचं. एकाच झाडाखाली पिशवी भरणं हीदेखील चूकच.

मांजर-कुत्रं जंगलाच्या कडेला सोडणं

स्कॉटलंडची रानमांजरं पाळीव मांजरांशी संकर होऊन जवळजवळ संपली. आपल्याकडे पुणे जिल्ह्यातला लांडगा-कुत्रा संकर २०२३ मध्ये जनुकीय तपासणीतून समोर आला. पाळणं जमत नसेल तर प्राण्याला दुसरं घर शोधून द्या.

सोडून झालं असेल तर

स्वतः जाळं टाकायला जाऊ नका. काय, कुठे, कधी, किती सोडलं ते फोटोसकट वनविभागाला कळवा. रोपं रुजली असतील तर ती फुलोऱ्यावर येण्याआधी दाखवा, तोवर ती उपटता येतात.